थेंबे थेंबे नुकसान साचे

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बँकेच्या व्यवहारात नेहमी बचतीचे महत्त्व सांगण्यासाठी वापरली जाते. मोटारीच्या बाबतीत मात्र ती अगदी उलट अर्थाने खरी ठरते. पावसाळ्यात दाराच्या कडेने पाणी आत झिरपते, पायाखालची मॅट ओली होते. वाहनधारक ती पिळून वाळत घालतो आणि विषय तेथेच संपवतो. पाऊस ओसरला की गळतीही विस्मरणात जाते. वास्तविक, पाऊस थांबला तरी नुकसान थांबलेले नसते. किरकोळ मानली गेलेली ही गळती वाहनाचे मूल्य आतून पोखरत राहते आणि तिच्याकडे केलेले दुर्लक्ष अंतिमतः मालकाच्याच खिशाला भोवते.

मॅटखालच्या गालिच्याला बहुधा फोम किंवा जाड नमद्याचे अस्तर असते. वरून हात लावून पाहिल्यास गालिचा कोरडा भासतो, परंतु अस्तरात मुरलेले पाणी कित्येक दिवस तसेच राहते. त्यातून प्रथम कुबट वास येतो, मग बुरशी धरते आणि कालांतराने तळाचा पत्रा गंजू लागतो. आजच्या मोटारींत विजेच्या अनेक तारा आणि त्यांचे जोड याच गालिच्याखालून व आसनांखालून जातात. कित्येक गाड्यांत एअरबॅगचे जोडही पुढील आसनांखाली असतात. तेथे ओलावा पोहोचला की कधी इशारादर्शक दिवा विनाकारण लागतो, तर कधी काच वर-खाली होईनाशी होते. अशा वेळी मूळ दोष काही रुपयांच्या रबरी पट्टीत असू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

वाहन कर्जावर घेतले असेल, तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. कर्जाचा हप्ता ठरलेला असतो. वाहनाची किंमत ठरलेली नसते. तळाला गंज लागलेल्या गाडीचा हप्ता एका रुपयानेही कमी होत नाही, पण ती विकावयास काढली की ग्राहक वासावरूनच भाव पाडतो. येथे विमा धावून येईल, ही अपेक्षाही फोल आहे. मोटार विम्याच्या प्रचलित पॅकेज पॉलिसीत पूर आणि जलप्रलय यांचा समावेश असतो. झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड मात्र त्यातून वगळलेले असतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचे नुकसान हे पुराचे नुकसान होते. चार पावसाळे दारातून झिरपलेले पाणी म्हणजे पूर नव्हे. इतकेच काय, अपघाताच्या मान्य झालेल्या दाव्यातही रबरी आणि प्लास्टिकच्या भागांवर, वेगळे घसारामुक्त संरक्षण घेतलेले नसल्यास, ५० टक्के घसारा कापण्याची पद्धत आहे.

गळती लक्षात आल्यावर जो उपाय केला जातो, तोही अनेकदा ‘आजार म्हशीला आणि औषध पखालीला’ या थाटाचा असतो. सिलिकॉनची नळी आणून दिसेल ती फट बुजवली जाते. दाराच्या रचनेची माहिती घेतल्यास हा उपाय घातक का ठरतो, हे उमगते. मोटारीचे दार संपूर्णपणे जलरोधक असावे, अशी त्याची रचनाच नसते. काच जेथून दारात उतरते, तेथून थोडे पाणी आत जाणार, हे गृहीत धरलेले असते. ते पाणी दाराच्या पोकळीतून खाली उतरते आणि तळाच्या लहान छिद्रांतून बाहेर पडते. दाराच्या आतील पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा हे पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. दार आणि चौकट यांमधील सांधा मात्र रबरी पट्टी सांभाळते. निचऱ्याची छिद्रे मातीने भरली, किंवा गंजरोधक लेप देताना कारागिराच्या हातून बुजली, तर पाणी दारातच साचते. अशा छिद्रांवर मालकानेच सिलिकॉन फासले, तर दार हा पाण्याचा हौद होतो आणि पत्रा आतून सडू लागतो.

पडद्याची कथाही अशीच आहे. नवे स्पीकर बसवताना किंवा काचेची यंत्रणा दुरुस्त करताना पॅड काढले जाते, पडदा फाडला जातो आणि परत नीट चिकटवला जात नाही. पुढील पावसाळ्यात पाणी आत येते तेव्हा दोष रबराला दिला जातो, नवे रबर बसवले जाते आणि गळती तशीच राहते. म्हणून खर्च करण्यापूर्वी पाणी नेमके कोठून येते, हे शोधणे अगत्याचे आहे.

या शोधासाठी महागडी साधने लागत नाहीत. कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार बंद करावे आणि ती हळूच ओढून पाहावी. ती अडखळत निघाली तर रबराचा दाब पुरेसा आहे. अलगद सुटून आली तर तेथे दाब कमी पडतो. चौकटीभोवती ठिकठिकाणी असे केल्यास दुबळी जागा सापडते. त्यानंतर एका व्यक्तीने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसरीने बाहेरून पाइपने मंद धारेने पाणी सोडावे. सुरुवात खालून करून प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबत वर जावे. वरून सुरुवात केली तर ओघळणारे पाणी सर्वत्र पसरते आणि उगम कळत नाही. कोरड्या दिवशी, एसी चालवल्यानंतरच पुढील बाजूस पाणी दिसत असेल, तर दाराचा काही दोष नाही. एसीच्या निचऱ्याची नळी तुंबलेली असण्याची शक्यता अधिक. वायपरखालच्या पन्हळीत साचलेली झाडाची पानेही पाण्याला आत वाट करून देतात.

कारण कळल्यावर उपाय बहुधा सोपा असतो. छिद्रे बारीक प्लास्टिकच्या काडीने मोकळी करावीत. लोखंडी तारेने रंग खरवडला जाऊन गंजाला निमंत्रण मिळते. रबर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे आणि त्यावर सिलिकॉनयुक्त वंगणाचा पातळ हात द्यावा. रॉकेल, डिझेल किंवा इंजिन ऑइल कदापि लावू नये. दाराचे रबर सामान्यतः ईपीडीएम या प्रकारचे असते. ते ऊन आणि पाऊस उत्तम सोसते, परंतु खनिज तेलाने फुगते आणि बिघडते. दार बिजागरीवर झुकले असेल किंवा लॉकची खुंटी सरकली असेल, तर रबर बदलून उपयोग नाही. दार सरळ करून घ्यावे. वर्षानुवर्षे दाबले गेल्याने रबराचा फुगीरपणा नाहीसा झाला असेल, तरच नवे घ्यावे आणि ते त्याच मॉडेलचे असावे. बसवताना ते ताणू नये. ताणलेले रबर पुढे आकसते आणि कोपऱ्यात फट पडते. त्याचा सांधा खालच्या बाजूस ठेवावा. शेवटी गालिचा उचलून अस्तर पूर्ण वाळवावे, अन्यथा गळती थांबूनही गंज थांबत नाही.

‘हे गॅरेजचे काम, मालकाने त्यात का पडावे?’ असा आक्षेप घेतला जाईल. दुरुस्ती गॅरेजमध्येच व्हावी, याविषयी दुमत नाही. परंतु सर्व्हिसिंगसाठी गाडी देताना इंजिन ऑइल आणि ब्रेक यांचा उल्लेख होतो. ‘दारांची छिद्रे आणि रबर पाहा’ असे क्वचितच कोणी सांगते. जे मागितले जात नाही, ते केलेही जात नाही. बाह्यांगाच्या चकाकीवर हजारो रुपये सहज खर्च होतात, आणि वाहनाचे आयुष्य ज्या पट्टीवर अवलंबून आहे ती तडा जाईपर्यंत दृष्टीस पडत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यानेही रंगाआधी गालिच्याखाली हात घालून पाहावा. तेथील ओलावा विक्रेत्याच्या शब्दांपेक्षा अधिक खरे बोलतो.

या तपासणीचा मुहूर्त प्रदेशानुसार ठरतो. कोकण, मुंबई आणि केरळ येथे तो मे महिन्यात साधावा. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, तेथे सप्टेंबर उचित. विदर्भ किंवा राजस्थानच्या उन्हात रबर कडक होते, त्यामुळे तेथे पाऊस कमी असला तरी तपासणी टाळता येत नाही. वर्षातून अर्धा दिवस एवढीच या दक्षतेची किंमत आहे. हप्ते फिटल्यानंतर हाती राहणारी गाडी ही मालमत्ता असेल की भंगार, हे पुष्कळ अंशी त्या अर्ध्या दिवसावर अवलंबून असते.