मुलगी फिजिओ झाली, पुढे काय?

आपल्या वस्तीत फिजिओथेरपी म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मालिशवाला उभा राहतो. गोदीत, गिरणीत, बांधकामावर राबून कंबर आणि गुडघे गेलेल्या माणसांना आपण बाम चोळायचा सल्ला देतो. फार झाले तर हाडे बसवणाऱ्याकडे नेतो. वास्तविक आपल्या मुंबईत या विद्येचे शिक्षण परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० च्या दशकातच सुरू झाले. पोलिओच्या साथीत मुले पांगळी होत होती आणि त्यांना पुन्हा पायांवर उभे करणारी शिकलेली माणसे हवी होती. आज आपल्याच घरांतल्या मुली हे शिक्षण घेऊन रुग्णालयांत उभ्या आहेत, आणि लकवा मारलेल्या म्हाताऱ्याला पहिले पाऊल टाकायला लावत आहेत.

या मुलींच्या आई-बाबांची पत्रे आम्हांस येतात. अक्षर वेगळे, गाव वेगळे, प्रश्न एकच. मुलगी बी.पी.टीएच. झाली. आता इथेच एम.पी.टीएच. करू द्यावे, की अमेरिकेला डी.पी.टी. साठी पाठवावे? सोबत बहुधा एखाद्या सल्लागार कचेरीचे रंगीत पत्रक जोडलेले असते.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. गुडघ्यात किती स्नायू असतात हे आम्हांस विचारू नये. पण अर्ज, दाखले, नियम आणि पावत्या यांत आमचे आयुष्य गेले आहे, आणि या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे.

इथली वाट आधी सांगून टाकतो, कारण ती सरळ आहे. बी.पी.टीएच. आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर एम.पी.टीएच. साठी राज्याच्या सी.ई.टी. कक्षाची पी.जी.पी. सी.ई.टी. ही परीक्षा द्यायची, आणि गुणानुक्रमे केंद्रीय प्रवेशफेरीतून जागा घ्यायची. यात आपल्या लोकांनी एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला तरच मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती मिळत नाही, मग महाविद्यालयातला बाबू तोंडी काहीही सांगो. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिपचा अर्ज. जात वैधता प्रमाणपत्र अगोदरच हाती असावे.

आता अमेरिकेची गोष्ट. तिथे ही गुंतागुंत का झाली हे कळले तर पुढचे सोपे जाते.

अनेक जण लिहितात, 'आमच्या ओळखीचा एक मुलगा १९९२ साली नुसत्या पदवीवर तिकडे गेला, आज त्याचा बंगला आहे. मग आमची मुलगी का नाही?' तो गेला हे खरे असेल. त्या काळी अमेरिकेतही फिजिओथेरपिस्ट पदवीवर तयार होत असत आणि माणसे कमी पडत होती. पुढे दोन गोष्टी घडल्या. १९९७ च्या एका कायद्याने वृद्धांच्या सरकारी विम्यातून उपचारांना मिळणाऱ्या पैशाला कात्री लागली आणि काही वर्षे नोकऱ्या आटल्या. दुसरी गोष्ट कायमची ठरली. तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'कॅप्टे' नावाची संस्था आहे. तिने २००२ पासून पदवी स्तरावरच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणे बंद केले, आणि २०१५ अखेरपर्यंत सर्व अभ्यासक्रम डी.पी.टी. म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी या पातळीवर नेले. म्हणजे आज अमेरिकेतल्या मुलालाही आधी चार वर्षांची कोणतीही पदवी आणि त्यानंतर साधारण तीन वर्षांची डी.पी.टी. करूनच या धंद्यात उतरता येते. आपली बी.पी.टीएच. झालेली मुलगी त्यांच्या मोजपट्टीवर कमी भरते ती यामुळे. शिकण्यात ती कमी असते असे नव्हे. (आपल्याकडेही २०२५ साली नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम जाहीर झाला असून त्यात इंटर्नशिप धरून पाच वर्षे सांगितली आहेत.)

तर डी.पी.टी. ला प्रवेश मिळायला काय लागते?

पदवी लागते, पण ती कोणत्याही विषयाची चालते. तिथे इतिहास घेऊन पदवीधर झालेला मुलगाही डी.पी.टी. ला जाऊ शकतो. मात्र त्याने काही ठरावीक विषय महाविद्यालयात शिकलेले असले पाहिजेत: जीवशास्त्र, शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, रसायनशास्त्राची दोन सत्रे, भौतिकशास्त्राची दोन सत्रे, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र. शास्त्राचे विषय प्रयोगशाळेसह हवेत. कमीत कमी किती श्रेणी चालेल हे प्रत्येक विद्यापीठ ठरवते.

इथेच आपल्या मुली अडकतात. त्यांना वाटते, आपण तर साडेचार वर्षे माणसाचे शरीरच शिकलो, आपल्याला कोण अडवणार? शरीररचनेत त्यांना कोणी अडवत नाही. अडवतात भौतिक आणि रसायनशास्त्रात. हे विषय आपल्याकडे अकरावी-बारावीला होतात, आणि तिथे शाळेतले शिक्षण महाविद्यालयीन म्हणून धरत नाहीत. बी.पी.टीएच. च्या अभ्यासात जीवरसायन आहे. पण प्रयोगशाळेसह दोन सत्रांचे साधे रसायनशास्त्र त्यात नाही. काही विद्यापीठे तर हे विषय अमेरिकेतल्याच महाविद्यालयात केलेले असावेत असे म्हणतात. म्हणजे मूळ प्रवेशाच्या आधी आणखी एखादे वर्ष आणि आणखी फी. रंगीत पत्रकात हे कुठेच लिहिलेले नसते.

गुण पाहताना ते चार गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी काढतात. बहुतेक ठिकाणी तीनच्या खाली गेल्यास अर्ज बाजूला पडतो. आपल्या गुणपत्रिका मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे पाठवून विषयवार रूपांतर करून घ्यावे लागते. जी.आर.ई. परीक्षा पूर्वी बहुतेकांना लागे, आता अनेकांनी सोडली आहे. पण सगळ्यांनी नव्हे. इंग्रजीसाठी टोफेल असते. शिफारसपत्रे दोन ते चार, त्यांत एक परवानाधारक फिजिओथेरपिस्टचे असलेले बरे. त्याशिवाय निरीक्षणाचे तास, म्हणजे दवाखान्यात उभे राहून काम पाहिल्याची नोंद. ते किती हवेत हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. मुलीची इंटर्नशिप त्यात धरतील का आणि कोणाची सही चालेल, हे त्या त्या विद्यापीठाला पत्र लिहून विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. एक निबंधही लागतो. तो मुलीने स्वतः लिहावा. कचेरीतून विकत मिळणारे निबंध एकाच साच्याचे असतात, आणि वाचणारा मूर्ख नसतो.

हे सर्व बहुतेक ठिकाणी 'पी.टी.कॅस' या एकाच मध्यवर्ती अर्जातून जाते. कोणत्याही विद्यापीठाचे नाव हाती आले की आधी त्याला कॅप्टेची मान्यता आहे की नाही हे पाहावे. नसेल तर पुढचे एक अक्षरही वाचू नये.

आता सर्वांत मोठी फसगत. डी.पी.टी. या एकाच नावाची दोन वेगवेगळी शिक्षणे आहेत. एक वर सांगितलेले, ज्यातून परवान्याच्या परीक्षेला बसता येते. दुसरे आहे आधीच परवाना मिळालेल्या थेरपिस्टांसाठी. जुनी पदवी असलेल्यांना डॉक्टर ही उपाधी घेता यावी म्हणून काढलेले. ते बरेचदा घरबसल्या होते, स्वस्त असते, प्रवेशाच्या अटी सोप्या असतात. ते खोटे नव्हे. कमी पडलेले विषय भरून काढायला काहींना त्याचा उपयोगही होतो. पण तेवढ्याने परवाना मिळत नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरात नेमके हेच झाले. वडील पालिकेतून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशांतून त्यांनी मुलीच्या 'अमेरिकन डी.पी.टी.' चा पहिला हप्ता एका सल्लागार कचेरीत भरला. वर्षभराने मुलीने स्वतः चौकशी केली तेव्हा समजले की हे दुसऱ्या जातीचे डी.पी.टी. होते. त्या कचेरीने पैसे परत दिले नाहीत. बापाने सही केलेल्या कागदावर 'परवाना' हा शब्द कुठेच नव्हता, आणि हे आम्ही तो कागद दिव्याखाली धरून तीनदा वाचून पाहिले आहे. ती मुलगी आज नवी मुंबईत एका रुग्णालयात चांगले काम करते. वडील मात्र त्या विषयावर बोलत नाहीत.

आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्याला पुन्हा डी.पी.टी. न करता जाण्याची एक वाट आहे, तीही सांगितली पाहिजे. आपले शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या बरोबरीचे आहे काय याची तपासणी एफ.सी.सी.पी.टी. सारखी संस्था करते. जे विषय उणे निघतील ते भरून काढायचे. मग एन.पी.टी.ई. ही परवान्याची परीक्षा द्यायची, ज्यात २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर ६०० ला उत्तीर्ण होतात. आयुष्यात सहा वेळांपेक्षा जास्त ही परीक्षा देता येत नाही, म्हणून 'एकदा बसून तर पाहू' हा आपला नेहमीचा विचार इथे कामाचा नाही. प्रत्येक राज्याचे नियम निरनिराळे आहेत. एम.पी.टीएच. झालेल्यांना या तपासणीत थोडी मदत होते, कारण विषयांची संख्या वाढते.

या परीक्षेबाबत एक गोष्ट क्लासवाल्यांच्या नादी लागणाऱ्यांनी ऐकून ठेवावी. २०१० साली प्रश्न फुटल्याच्या कारणावरून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने भारत, पाकिस्तान, फिलिपाइन्स आणि इजिप्त या चार देशांतून शिकलेल्यांना परीक्षेला बसणेच थांबवले होते, आणि पुढे त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा काढली. काहींनी आठवणीतले प्रश्न विकले आणि भोगले हजारोंनी, त्यांत रात्र जागून अभ्यास केलेलेही होते. 'मागचे प्रश्न देतो' असे कोणी म्हणाले तर तिथून उठून यावे.

तिसरी एक वाट पुष्कळ मुले घेतात: व्यायामशास्त्र किंवा पुनर्वसनशास्त्रात एम.एस. शिक्षण चांगले असते, प्रवेशही सोपा. पण त्यानेही रुग्णावर हात ठेवण्याचा परवाना मिळत नाही. संशोधन किंवा शिकवणे करायचे असेल तर जरूर जावे.

राहिला पैसा. खाजगी विद्यापीठांत डी.पी.टी. ची तीन वर्षांची नुसती फी कित्येक ठिकाणी एक लाख डॉलरच्या वर जाते. राहणे-खाणे निराळे. घर तारण ठेवून एवढे कर्ज काढावे काय? आमचे मत विचाराल तर, नाही. चाळीतली एक खोली हेच ज्यांचे सगळे आहे त्यांनी तर मुळीच नाही.

शिष्यवृत्त्या आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वर्षाला १२५ जणांना मिळते. तिथे उत्पन्नमर्यादा आठ लाख, वय पस्तिशीच्या आत आणि पात्रता परीक्षेत ६० टक्के गुण. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या, पण केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला राज्याच्या दाखल्याहून वेगळा असतो. तो काढून ठेवावा.

दोन्हींत एक मेख आहे. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते, आणि डी.पी.टी. शिकवणारी पुष्कळ महाविद्यालये लहान गावांतली, त्या क्रमवारीत नसलेली आहेत. शिवाय या शिष्यवृत्त्या पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. साठी आहेत. डी.पी.टी. नावाने डॉक्टर असली तरी ती पीएच.डी. नव्हे. ती नियमात बसते का, हे प्रवेश घेण्यापूर्वी समाजकल्याण आयुक्तालयाकडून लेखी विचारून घ्यावे. पोचपावतीवर तारीख आणि शिक्का असावा.

ज्या मुली अजून इंटर्नशिपवर आहेत त्यांनी एवढे आताच करावे. पी.टी.कॅस दरवर्षी जूनच्या मध्याला पुढल्या वर्षाच्या प्रवेशासाठी उघडतो, तोवर कागद तयार हवेत. प्रत्येक विभागात केलेल्या तासांची नोंद त्याच आठवड्यात त्याच प्रमुखांच्या सहीने घ्यावी. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत, विषय आणि तासांसह, महाविद्यालयाच्या शिक्क्याने मागून घ्यावी; उणे विषयांची तपासणी होते ती याच कागदावरून. गुणांचे उतारे विद्यापीठाकडून थेट जावे लागतात, त्यासाठी नाशिकला अर्ज आणि शुल्क भरावे. आणि मार्कशीटवरचे नाव, पासपोर्टवरचे नाव आणि जातीच्या दाखल्यावरचे नाव, तिन्ही एकाखाली एक ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.