जातीवर संशोधन? मग शिष्यवृत्ती नाही!

९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले होते. २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास, समाज हे विषय वगळले. म्हणजे आज तोच विषय घेणाऱ्याला दार बंद!

असा अभ्यास इथेही होतो, असे सांगतात. होतो ना. समाजशास्त्रात एम.ए. करताना मला आधी आडनाव विचारले गेले, विषय नंतर.

मित्रांनो, शिष्यवृत्तीसाठी विषय बदलू नका. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, परदेशी विद्यापीठांच्याही आहेत. तिथे अर्ज करा. आणि ही अट रद्द होईपर्यंत प्रश्न विचारत राहा. जय भीम!