शेजारी परका केव्हा होतो?

हैदराबादेस चारमिनाराच्या दक्षिणेला बार्कस नावाची वस्ती आहे. पलटणीच्या ‘बराकी’ या शब्दाचेच हे रूप होय. निजामाच्या चाकरीतील अरब शिपाई येथे राहत. त्यांचे वाडवडील बहुतेक दक्षिण अरबस्तानातील हद्रामौत प्रांतातून आलेले. कित्येकांनी दख्खनच्या मुलींशी लग्ने केली, मुले येथेच जन्मली आणि येथलीच बोली बोलू लागली.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थान ताब्यात घेतले. त्यापूर्वी रझाकारांनी केलेले जुलूम मराठवाडा विसरलेला नाही आणि त्याने ते विसरावेत असे आम्ही म्हणतही नाही. परंतु त्यानंतर पुष्कळ निरपराध मुसलमान मारले गेले, हेही तितकेच खरे. त्याच सुमारास अनेक अरबांना परदेशी म्हणून अटकेत ठेवण्यात आले व कित्येकांना समुद्रापार धाडण्यात आले. तेव्हा प्रश्न उभा राहिला : ज्याचा जन्म हैदराबादचा, ज्याची आई हैदराबादची, त्याचा देश कोणता?

नवल असे की, त्याच वर्षांत अरबभूमीत यहुदी कुटुंबांपुढे हाच प्रश्न होता. १९४९-५० मध्ये येमेनातील सुमारे ४९ हजार यहुदी एडनहून विमानाने इस्राएलला गेले. इराकमध्ये यहुद्यांची वस्ती अडीच हजार वर्षांची. तेथे १९५० मध्ये देश सोडणाऱ्या यहुद्यांचे नागरिकत्व काढून घेण्याचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये त्यांची मालमत्ता गोठवण्यात आली. सुमारे सव्वा लाख माणसे घरदार सोडून गेली. पॅलेस्टाईनच्या युद्धात बगदादच्या शिंप्याचा अथवा सोनाराचा काय हात होता? आणि त्याच युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरबही बेघर झाले. त्यांतील लेकराबाळांचा तरी कोणता अपराध होता?

अपराध्यास न्यायासनापुढे उभे करावे, याविषयी दुमत नाही. परंतु न्याय कृत्य पाहतो. सूड केवळ आडनाव आणि कूळ पाहतो. कृत्य विचारण्याचे सोडून कूळ विचारू लागले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी एका रात्रीत परका होतो.

बार्कसमध्ये जे राहिले, त्यांची नातवंडे-पतवंडे आज तेथे नांदत आहेत. बगदादेत मात्र यहुदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरले नाहीत.

आपल्या गावातही कोणाविषयी “हे मूळचे येथले नव्हेत” असे शब्द कधीमधी कानी पडतात. ते मुलांच्या कानी पडण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारावे : त्यांनी आपले काय वाईट केले? उत्तर न मिळाल्यास तो विषय तेथेच थांबवावा.