सौर पंप : आधी विहीर मोजा, मग प्लेटा



मागच्या फाल्गुनात मारेगाव तालुक्यातल्या एका कास्तकाराच्या वावरात गेलो होतो. शेत सहा एकर, म्हणून साडेसात अश्वशक्तीचा सौर पंप. सकाळी पंप जोरात चालला आणि साडेअकराच्या आत विहीर तळाला गेली. पुढचे सारे ऊन वाया. घरधनी म्हणाले, "साहेब, पंप खराब निघाला." पंप ठणठणीत होता. मोजले होते ते शेत, विहीर नव्हे.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना 2024 साली आली. तिच्यात अडीच एकरापर्यंत 3, पाच एकरापर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पण ही वरची मर्यादा आहे. त्याहून लहान पंप मागता येतो. आपला हिस्सा किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. पंप लहान, तर हिस्साही लहान.

मग त्या विहिरीचा हिशेब आम्ही तिथेच मांडला. पंप बंद ठेवला, दोरीला गाठी मारल्या. हे काम घरच्या वहिनींनीच केले, कारण रात्रीच्या पाळीच्या विजेवर ओलीत करून विहिरीची नाडी त्यांनाच ठाऊक. वीस फूट व्यासाच्या विहिरीत तासाला तीन इंच पाणी चढले, म्हणजे सुमारे 2,200 लिटर. चोवीस तासांचे 53,000 होतात, पण पाणी वर येईल तसे झरे मंदावतात. म्हणून 40,000 धरले. पिकाला दिवसाला 4 मिलिमीटर पाणी धरले, तर एकराला 16,000 लिटर लागते. म्हणजे फाल्गुनात ठिबकवर ओलीत अडीच एकरच. बाकीच्या वावराला विहिरीत पाणीच नाही, मग प्लेटा कितीही लावा.

आता उंची. पाणी 12 मीटर खाली, पाइपातली घस 3 मीटर, ठिबकचा दाब 10 मीटर, एकूण 25. लिटरचे घनमीटर करा (40), उंचीने गुणा, 367 ने भागा : 2.7 युनिट. पंप आणि मोटर मिळून निम्म्याहून अधिक शक्ती खातात, म्हणून धरा 7 युनिट. एक किलोवॉट प्लेटा स्वच्छ दिवशी, धूळ व उष्णता वजा जाता, साधारण 4 युनिट देतात. म्हणजे पावणेदोन किलोवॉट. ढगाळ दिवसांसाठी थोडे वाढवा. 3 अश्वशक्तीच्या पंपाबरोबर सुमारे 3 किलोवॉट प्लेटा येतात. त्या पुरून उरल्या असत्या.

पुष्कळांना वाटते, वैशाखात ऊन कडक म्हणून वीजही जास्त. तसे नाही. प्लेट 25 अंशांपेक्षा तापली की दर अंशामागे साधारण 0.4 टक्का वीज घटते, आणि आपल्याकडे मे महिन्यात ती 65 अंशांपर्यंत सहज तापते. सहाव्या हिश्श्याएवढी वीज तिथेच गेली. प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे 20 अंश तिरक्या हव्यात. धुऱ्यावरच्या कडुनिंबाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी सगळी ओळ मंदावते. झाड तोडू नका, प्लेटांची जागा बदला. धुवायच्या त्या भल्या पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

अर्ज भरण्याआधी माघ-फाल्गुनात एकदा दोरी घेऊन विहिरीवर जा, आणि गाठी मोजायला वहिनींना सोबत न्या.