स्ट्रेचर कुणाच्या सौजन्याने?

गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांचा फ्लेक्स एकदा नीट वाचून पाहावा. पहिले बक्षीस कुणाच्या सौजन्याने, दुसरे कुणाच्या स्मरणार्थ, उत्कृष्ट गोलरक्षकाची ट्रॉफी कुणाकडून, चहापाणी कुणाचे, हे सारे नावानिशी आणि फोटोनिशी छापलेले असते. शुभेच्छुकांची यादी तर दोन्ही संघांच्या खेळाडूंपेक्षा लांब. एक ओळ तेवढी या फ्लेक्सवर सापडत नाही : मैदानात पोरगे कोसळले तर धावायचे कुणी? ट्रॉफीला हात लावून फोटो काढता येतो, स्ट्रेचरला हात लावून काढलेला फोटो कुणालाच नको असतो. म्हणून ट्रॉफी चार फुटांची होते आणि स्ट्रेचर येतच नाही.

केडगावसारख्या उपनगराने हा प्रश्न आता अंगावर घ्यायला हवा. रेणुकामातेच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे हे गाव आज अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीतले भरगच्च उपनगर आहे. नगरला फुटबॉल परका नाही. छावणी, रणगाडा दलाचे केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र, मिशनची शाळा-कॉलेजे यांच्या आसऱ्याने हा खेळ इथे रुजला. आता उपनगरातली पोरेही संध्याकाळी चेंडू घेऊन बाहेर पडतात. कुणी शाळेच्या पटांगणावर, कुणी वसाहतीच्या ओपन स्पेसमध्ये, कुणी तासाचे पैसे भरून टर्फवर. क्लब म्हणजे तरी काय असते? पाच-सहा चेंडू, जर्सीचा ठरलेला रंग, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक सर. हे सर बहुधा नोकरी सांभाळून, पदरमोड करून शिकवतात. ते नसते तर ही पोरे मोबाइलला चिकटून बसली असती. तेव्हा हा अग्रलेख त्यांच्या विरोधात नाही. तक्रार आहे ती त्यांना एकटे सोडून निर्धास्त झालेल्या बाकी सगळ्यांबद्दल.

आधी मैदान पाहा. आपल्याकडची बहुतेक मैदाने ही फक्त खेळाची मैदाने नसतातच. तिथे लग्नाचा मांडव पडतो, सभा होते, प्रदर्शन भरते. मांडव उतरतो, पण खांबांचे खड्डे, वाकलेले खिळे, तारांचे तुकडे आणि बाटल्यांच्या काचा मागे राहतात. मुरमाच्या त्या जमिनीवर घसरून चेंडू काढणारा पोरगा गुडघा सोलून घेतो, आणि खड्ड्यात पाय गेला की घोटा मुरगळतो. मग हळद-तेल, मग कुणा हाड बसवणाऱ्याकडे फेरी, आणि आठवड्याने पुन्हा तोच पाय त्याच खड्ड्याशी. ‘लचक भरली’ या दोन शब्दांखाली आपण किती फाटलेले लिगामेंट आणि किती संपलेले खेळाडू झाकले असतील याची मोजदाद नाही. सराव सुरू होण्याआधी दोन पोरांनी मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून काढायचे, याला एक रुपया लागत नाही. लोखंडी गोलपोस्ट हलता असेल तर तो जमिनीत ठोकून किंवा मागून वजन टाकून बसवायचा, त्याच्या आडव्या दांड्याला कुणी लोंबकळायचे नाही, यालाही फारसा खर्च नाही. जगभरात असे गोलपोस्ट अंगावर पडून मुले दगावली आहेत. सामना सुरू असताना ती दगावली असेही नाही. बऱ्याचदा खेळ संपल्यावरच्या टवाळकीत हे घडते, तेव्हा सर घरी निघून गेलेले असतात.

नडगीचे पॅड हा तर फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम. पॅडशिवाय खेळाडूला मैदानात घ्यायचेच नाही, असे तो सांगतो. आपल्याकडे मोज्यात पुठ्ठा सरकवलेला पोरगा पंचालाही दिसतो आणि पंच दुसरीकडे पाहतो. हातातले कडे, गळ्यातली साखळी, बोटातली अंगठी यांवरही हाच नियम बंदी घालतो, चिकटपट्टी लावून चालत नाही. यात श्रद्धेचा अवमान काहीच नाही. नव्वद मिनिटांपुरते कडे आईच्या हातात दिले तर देवाला राग येणार नाही.

जिवावर बेतणारी दुखापत मात्र पुठ्ठ्याने किंवा हळदीने निभावत नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरुत फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचे दोन्ही गोल करणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनिअर दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडकून कोसळला आणि वाचला नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीचा तो अंतिम सामना, आणि तरीही मैदानावरच्या वैद्यकीय सज्जतेवर तेव्हा कठोर टीका झाली. पुढे १५ वर्षांनी, २९ डिसेंबर २०१९ला, केरळमधल्या पेरिंतलमण्णा इथे सात-सात खेळाडूंच्या एका स्थानिक स्पर्धेत आर. धनराजन हा कोलकात्याच्या तिन्ही बड्या क्लबांकडून खेळलेला माजी खेळाडू खेळता खेळता गेला. आपल्या गावच्या स्पर्धेशी ताडून पाहायची ती ही दुसरी घटना. तसाच रात्रीचा प्रकाशझोत, तशीच मैदानाला भिडलेली गर्दी, आणि कमी वेळात पुन्हा पुन्हा खेळवले जाणारे दमलेले पाय.

याच्या उलट जून २०२१मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन भर सामन्यात पडला, तेव्हा पहिल्या काही क्षणांत कर्णधार सिमॉन केअर त्याच्यापाशी होता, पाठोपाठ डॉक्टर आले, छाती दाबणे सुरू झाले आणि विजेचा झटका देणारे यंत्र मैदानावरच होते. आठ महिन्यांनी एरिक्सन पुन्हा व्यावसायिक सामना खेळत होता. हृदय थांबल्यावर उपचाराविना जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी खाली आणते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी ती रस्त्यानेच येणार, आणि नगर-पुणे रस्त्याची संध्याकाळ केडगावकरांना वेगळी सांगायला नको. ती येईपर्यंतची मिनिटे मैदानावरच्या माणसांची असतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल इतक्या जोराने दाबत राहायचे, हे अर्ध्या दिवसात शिकता येते. जिथे दोन-दोन लष्करी केंद्रे आहेत, जिल्हा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे प्रत्येक क्लबातल्या दोघा-तिघांना हे शिकवायला माणूस मिळत नाही, असे कुणी म्हणू नये. झटका देणारे यंत्र महाग आहे. पण वाडिया पार्कच्या जिल्हा क्रीडा संकुलात एक आणि उपनगरातल्या मोठ्या मैदानाजवळ एक ठेवणे महापालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही.

सोपे वाटणारे आणि आपल्याकडे सर्वांत अवघड जाणारे काम वेगळेच आहे : खेळ थांबवणे. डोक्याला डोके आपटले, पोरगा दोन क्षण भांबावला, त्याला स्कोअर आठवेना, तरी तोंडावर पाणी मारून ‘चल ऊठ, वाघ आहेस’ म्हणत पुन्हा मैदानात ढकलतात. मेंदूला बसलेला हादरा बाहेरून दिसत नाही. त्यावर दुसरा मार बसला तर तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून शंका आली की खेळाडू बाहेर, हा आता जगन्मान्य शिरस्ता आहे. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५मध्ये दहा वर्षे आणि त्याखालच्या मुलांना हेडिंगच बंद केले. आपल्या शिबिरात सात-आठ वर्षांची पोरे ओळीने उभी करून डोक्यावर चेंडू झेलायला लावणारे सर आजही दिसतात.

उन्हाचेही तेच. आपल्याकडची शिबिरे बरोबर एप्रिल-मेमध्ये भरतात, कारण सुटी तेव्हाच. नगरचा पारा तेव्हा चाळिशीपार जातो. एप्रिल २०२३मध्ये खारघरला उघड्या मैदानावर नुसते बसलेले लोक उष्माघाताने गेले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. धावणाऱ्या पोरांची काय कथा! ‘सरावात पाणी प्यायले की पोटात गोळा येतो’ ही समजूत मैदानावरून अजून हद्दपार झालेली नाही. उशिरा आल्याची शिक्षा म्हणून उन्हात दहा फेऱ्या मारायला लावण्याचे कौतुक काही पालकही करतात, ‘आमचे सर फार कडक’ म्हणून. आणि वळीव? पश्चिमेकडे आभाळ काळे झालेले असते, गडगडाट सुरू असतो, पण मुख्य अतिथी अजून यायचे असतात आणि अंतिम सामना त्यांच्यासाठीच रेंगाळत ठेवलेला असतो. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर मैदान सोडायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचे नाही, हा हिशेब कुणालाही करता येतो. करायचा कुणी, एवढेच ठरलेले नसते.

वयचोरीकडे आपण फक्त फसवणूक म्हणून पाहतो. ती सुरक्षेचीही बाब आहे. चौदा वर्षांखालील सामन्यात मिसरूड फुटलेला सतरा वर्षांचा पोरगा पूर्ण वेगाने बारा वर्षांच्या बचावपटूवर जातो, तेव्हा तुटणारे हाड जन्मदाखल्यावरची तारीख विचारत नाही. असा दाखला डोळेझाक करून स्वीकारणारा आयोजक, दुसऱ्याच्या मुलाचे हाड आपण पणाला लावतो आहोत, हे स्वतःला सांगत नाही इतकेच.

शरीरावर न दिसणाऱ्या जखमांचा मुद्दा याहून नाजूक, म्हणून अधिकच टाळला जातो. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतला लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघड झाल्यावर शासनाने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, समित्या असे आदेश काढले. त्यांची अंमलबजावणी कुठवर आली हा वेगळा विषय. पण तेच मूल दुपारी शाळेत त्या आदेशांच्या छायेत असते आणि साडेपाचला क्लबच्या मैदानावर पोचले की कुठल्याच आदेशात बसत नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला ते जीपमध्ये दाटीवाटीने जाते, धर्मशाळेत किंवा शाळेच्या वर्गात मुक्काम करते, रात्री अकराला सरांचा वैयक्तिक मेसेज वाचते. बहुतेक सर सज्जन असतात. इंग्लंडमध्येही लोक हेच म्हणत. २०१६मध्ये अँडी वुडवर्ड हा माजी खेळाडू आपल्या लहानपणीच्या प्रशिक्षकाने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलला आणि मग शेकडो जण बोलते झाले. फार लांब जायचे कारण नाही. २०२२मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला युरोप दौऱ्यावरून परत बोलावून गैरवर्तनाच्या कारणावरून काढून टाकावे लागले. त्याच वर्षी मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला, काही सामने नवी मुंबईत.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा ‘पोक्सो’ कायदा २०१२चा आहे. मुलावर असा अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हाच त्यात गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसणे त्याहून मोठा. ‘क्लबचे नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असे म्हणणारा अध्यक्ष तुरुंगाच्या वाटेवर उभा असतो, त्याला ते ठाऊक नसते. एका मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीच नसावा. मेसेज पालक असलेल्या ग्रुपवरच जावेत. मुलींच्या संघासोबत प्रवासात बाई हवीच. मैदानाजवळ कपडे बदलायला आडोसा आणि चालू स्थितीतले स्वच्छतागृह हवे. मुलींचे संघ निघतात आणि दोन वर्षांत विरतात, त्याचे कारण ‘घरचे पाठवत नाहीत’ असे सांगतात. घरचे का पाठवत नाहीत, हे एखाद्या मैदानावर सलग तीन तास काढून पाहिले की कळते.

विमा हा शब्द क्लबच्या बैठकीत निघतच नाही. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. प्रौढ खेळाडूंनी ती घ्यावी, सरांनीही घ्यावी. मुलांसाठी प्रवेश शुल्कातूनच गट विमा काढावा लागेल. बक्षिसाच्या रकमेतून थोडे काढले तर स्पर्धेची शान कमी होणार नाही.

पैशाचे रडगाणे इथे चालणार नाही. एका नॉर्वेजियन अभ्यासात तेरा ते सतरा वयाच्या जवळपास १९०० मुली होत्या, सुमारे निम्म्या क्लबांत सरावाआधी ठरावीक वीस मिनिटांचा व्यायाम करून घेतला आणि उरलेल्यांत नाही. व्यायाम केलेल्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी भरल्या. ‘फिफा इलेव्हन प्लस’ या नावाने तो व्यायाम फुकट उपलब्ध आहे. त्याला लागतो तो वेळ आणि ‘आज डायरेक्ट मॅच खेळू’ म्हणणाऱ्या पोरांना नाही म्हणणारा माणूस.

मैदानावर नसतो तो हाच माणूस. सर प्रशिक्षक असतात, पंच असतात, गाडी ठरवणारे असतात, आणि जिंकायची घाईही त्यांनाच असते. गोल बरोबरीत असताना आपल्याच स्ट्रायकरला चक्कर आली म्हणून बाहेर काढण्याचा निर्णय त्यांच्यावर टाकणे हा त्यांच्यावरही अन्याय. म्हणून प्रत्येक क्लबाने संघनिवडीशी संबंध नसलेला एक माणूस नेमावा. कुणाची आई, निवृत्त परिचारिका, माजी सैनिक, कुणीही. नगरमध्ये माजी सैनिकांना तोटा नाही. त्याने शब्द टाकला की खेळाडू बाहेर, त्याने हात वर केला की सामना थांबला, मग व्यासपीठावर कोण बसले आहे ते पाहायचे नाही. मुलांनी तक्रार करायची तीही त्याच्याकडे. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक पोरांना पाठ असावा.

हे क्लबांच्या चांगुलपणावर सोडले तर होणार नाही. महापालिका मैदान देताना भाडे आणि अनामत घेते, ध्वनिक्षेपकाची परवानगी पाहते. त्याच अर्जावर या जबाबदार माणसाचे नाव आणि फोन, प्रथमोपचार शिकलेल्या दोघांची नावे, जवळच्या रुग्णालयाचा रस्ता आणि रुग्णवाहिका आत येण्याचे फाटक, एवढे रकाने वाढवावेत. फाटकाची किल्ली कुणाकडे असते हेही लिहून घ्यावे, कारण ऐन वेळी ती सापडत नाही. जिल्हा संघटनेने हे रकाने रिकामे असलेल्या स्पर्धेला पंच देऊ नयेत. केंद्राने २०२५मध्ये क्रीडा प्रशासनाचा कायदा केला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचा विषय त्यात आला, पण त्याचा रोख राष्ट्रीय संघटनांवर आहे. तो दिल्लीहून केडगावच्या ओपन स्पेसपर्यंत झिरपायची वाट पाहण्यात दोन पिढ्या खेळून मोठ्या होतील.

नवरात्रात देवीच्या दर्शनाला गर्दी उसळते, तेव्हा बारी कुठून लावायची, वाहने कुठे थांबवायची, पोरे हरवली तर पुकारा कुठून करायचा, हे केडगावात आधी ठरते. ते ठरवणारी माणसे गावातच राहतात आणि त्यांचीच नातवंडे आता मैदानावर आहेत. उन्हाळी शिबिरांचे फ्लेक्स मार्चअखेर छापायला जातात. प्रूफ तपासताना शुभेच्छुकांची एक ओळ कमी करून तिथे एक नाव आणि एक फोन नंबर बसतो.