सायरनच्या आधी
जर्मनीतल्या ऑटोबानवर बऱ्याच टप्प्यांत वेगाला मर्यादा नाही, याचंच आपल्याकडे कौतुक होतं. मला तिथला दुसरा नियम लाखमोलाचा वाटतो. वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकू लागली, की सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्यांनी डावीकडे सरकायचं, बाकीच्यांनी उजवीकडे. मधे रुग्णवाहिकेला वाट. सायरनची वाट पाहायची नाही. गाड्या एकमेकींना चिकटल्या, की हलायला जागाच उरत नाही, आणि पुढे जखमी माणूस ताटकळतो. कसूर केली तर किमान २०० युरो दंड, वर महिनाभर गाडी चालवायला बंदी. म्युनिक-श्टुटगार्टला नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे आधी अंगवळणी पाडावं. मोकळी दिसली म्हणून त्या वाटेत दुचाकीही घालायची नाही.