अंतराळवीर पडत असतात

2025 च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते, तेव्हा त्यांची तरंगतानाची दृश्यं आपण कौतुकानं पाहिली. त्या दृश्यांबरोबर ‘तिथं गुरुत्वाकर्षण नसतं’ हे वाक्यही घरोघरी पुन्हा बोललं गेलं. हे वाक्य साफ चूक आहे. मुलांना समजायला सोपं म्हणून ते चालवून घ्यावं, हे मला मुळीच मान्य नाही.

स्थानक इतकं उंच आहे की पृथ्वीची ओढ तिथवर पोचतच नाही, असं सांगतात. ही उंची आहे सुमारे 400 किलोमीटर. पण गुरुत्व त्वरण घटतं ते पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गानुसार, आणि ते अंतर 6,371 वरून जेमतेम 6,771 किलोमीटर होतं. जमिनीवर 9.8 असलेलं त्वरण तिथं सुमारे 8.7 मीटर प्रति सेकंद वर्ग भरतं. जवळजवळ नव्वद टक्के ओढ शाबूत असताना ती ‘नाही’ कशी म्हणायची?

हवा नाही म्हणून ओढ नाही, हा समज तर 1971 मध्येच सगळ्यांसमोर निकालात निघाला. अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट यांनी निर्वात चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, आणि दोन्ही एकदमच खाली पडली.

तिसरा युक्तिवाद जाणकारांचा असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, गुरुत्वाकर्षण आहे, पण केंद्रोत्सारी बल त्याला रद्द करतं. यानाबरोबर फिरणाऱ्याच्या चौकटीतून गणित मांडताना असं म्हणता येतं. पण बाहेरून पाहिलं तर? बलं खरोखर रद्द झाली असती, तर न्यूटनच्या पहिल्या नियमानं स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. ते दीड तासात पृथ्वीभोवती फेरी पुरी करतं, कारण त्याच्यावर असंतुलित बल आहे आणि ते सतत पृथ्वीकडे पडतं आहे.

मग जमिनीवर का आदळत नाही? एका सेकंदात ते सुमारे 4.3 मीटर खाली येतं. त्याच सेकंदात ते साडेसात किलोमीटरहून अधिक पुढे जातं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोलावाही तितकाच, 4.3 मीटर, खाली वळलेला असतो. हा हिशेब मला पदार्थविज्ञानातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतो. ‘गुरुत्वाकर्षण नसतं’ म्हणणारा मुलांपासून नेमकं हेच हिरावून घेतो.

स्थानक, अंतराळवीर, त्याच्या हातातलं पेन, सगळं एकाच त्वरणानं पडतं. कुणीच कुणावर दाब देत नाही, म्हणून वजन जाणवत नाही. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या मनोऱ्यात निर्वात नळीतून 110 मीटर खाली सोडलेल्या कुपीत हीच वजनरहित अवस्था सुमारे 4.7 सेकंद मिळते. आणि तिथं पृथ्वीची ओढ तर पुरेपूर असते.

ज्यांना हे अवघड वाटतं, त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ छिद्र पाडावं, पाणी भरावं आणि बाटली उंचावरून सोडावी. पडताना धार थांबते. मग तीच बाटली वर फेकावी. हातातून सुटल्याक्षणी, वर जातानाही, धार थांबते. पाणी आणि बाटली दोघांचंही त्वरण तेव्हा खालच्या दिशेनं 9.8 च असतं. मुक्त पतन वर जातानाही चालू असतं, मग पृथ्वीभोवती फिरताना का नसावं?